सैनिकी प्रबोधिनीची पहिली परीक्षा घरातच

(सैन्यदलात अधिकारी होऊ इच्छिणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्या एकत्रीकरणात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सैन्याविषयी आपल्या घरांमध्ये आदर अपार आहे. सीमेवरची बातमी आली की आपला ऊर भरून येतो. परंतु आपल्या मुलाने किंवा मुलीने त्या वाटेने जावे असे ज्या घरात खरोखर ठरते, तेथे केवळ भावना पुरत नाही. तेथे तयारी लागते. आपण सारे त्या घरांपैकी आहात, म्हणून आज मी पराक्रमाच्या कथा सांगणार नाही. कपाटातल्या कागदांविषयी आणि मुलाच्या कानातल्या मळाविषयी बोलणार आहे. विषय रुक्ष वाटेल, पण या रुक्ष गोष्टींपाशीच कित्येक गुणी मुलांची वाट अडते.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, प्रवेशासाठी केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा परीक्षा घेतो. गणिताचे ३०० आणि सामान्य क्षमतेचे ६०० असे लेखी परीक्षेचे ९०० गुण असतात. त्यातून निवडलेल्यांना भोपाळ, प्रयागराज, बंगळूर अशा ठिकाणच्या सेवा निवड मंडळांपुढे जावे लागते. तेथील कसोटीचेही ९०० गुण. या १८०० गुणांसाठी आपण शिकवणी लावतो, पुस्तके आणतो, मुलाला पहाटे उठवतो. परंतु या गुणांच्या बाहेर दोन गोष्टी उभ्या असतात. एक कागदपत्रे, दुसरी शरीर. त्यांचा एकही गुण मिळत नाही; मात्र गुणवत्ता यादीपर्यंत पोहोचलेल्या मुलाला त्या परत पाठवू शकतात.

मी वैद्य नाही आणि सैनिकही नाही. वृत्तपत्राच्या व्यवसायात आयुष्य गेले, त्यामुळे सरकारी निवेदने शेवटच्या पानापर्यंत वाचण्याची सवय जडली. आयोगाच्या निवेदनाची परिशिष्टे सहसा कोणी वाचत नाही आणि नेमके महत्त्वाचे तेथेच छापलेले असते. ती वाचताना माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. हे सारे कागद आणि या साऱ्या तपासण्या मिळून मुलाला एकच प्रश्न विचारतात : तू जो आहेस असे सांगतोस, तोच आहेस ना? या प्रश्नाचे उत्तर घरात तयार होते.

जन्मतारखेचे सत्य

आरंभ जन्मतारखेपासून करू. आपल्या मागच्या पिढ्यांत गुरुजींनी शाळेत नाव घालताना सरसकट १ जून ही जन्मतारीख लिहून टाकल्याची उदाहरणे गावोगाव आहेत. पुढे पुढे, मुलाला एक वर्ष जास्त मिळावे म्हणून वय कमी लावण्याचीही प्रथा पडली. त्यात काही गैर आहे असे कोणाला वाटलेही नाही. आता ही सवय सोडली पाहिजे. प्रबोधिनीसाठी वयाची मर्यादा अभ्यासक्रम सुरू होताना साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे अशी असते, आणि प्रत्येक निवेदनात कोणत्या दोन तारखांच्या दरम्यान जन्म झालेला असावा हे स्पष्ट दिलेले असते. एका दिवसाचीही सवलत नसते.

आयोग जन्मतारखेसाठी दहावीच्या प्रमाणपत्रावरील नोंद ग्राह्य धरतो. जन्मपत्रिका, प्रतिज्ञापत्र, नगरपालिकेचा जन्मदाखला यांपैकी काहीही त्याऐवजी चालत नाही. एकदा अर्जात लिहिलेली तारीख पुढे बदलून मिळत नाही. तेव्हा घरचा जन्मदाखला आणि शाळेची नोंद यांत तफावत असेल, तर मूल शाळेत असतानाच, दहावीचे प्रमाणपत्र छापले जाण्यापूर्वी, मुख्याध्यापकांमार्फत रीतसर दुरुस्ती करून घ्यावी. शाळा सुटल्यावर ही वाट फार अवघड होते.

तीच गोष्ट नावाची. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे त्रिपदी नाव लिहितात. काही कागदांवर आडनाव आधी येते, काहींवर शेवटी. कोठे वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर असते. इंग्रजी लेखनात तर एकाच आडनावाची तीन रूपे एका घरात सापडतात. दहावीचे प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, आधार कार्ड, पॅन कार्ड, बँकेचे पासबुक हे सारे एका संध्याकाळी टेबलावर मांडा आणि नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख अक्षर अक्षर लावून पाहा. दहावीचे प्रमाणपत्र मूळ धरून बाकीचे त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. एक कागद नीट करायला कधी आठवडा लागतो, कधी सहा महिने. निवड मंडळाचे बोलावणे हातात पडल्यावर हे काम काढले, तर मुलाचे लक्ष मुलाखतीत राहणार नाही, तहसील कचेरीत राहील.

बारावीच्या वर्षात असलेला विद्यार्थीही अर्ज करू शकतो. भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. नौदल आणि वायुदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय आवश्यक असतात. मात्र उत्तीर्ण झाल्याचा पुरावा निवेदनात दिलेल्या मुदतीत सादर झालाच पाहिजे. मूळ प्रती एका धारिकेत, साक्षांकित प्रतींचे दोन संच दुसऱ्या धारिकेत, अशी व्यवस्था मुलाने स्वतः लावावी. वडिलांनी ती लावून देऊ नये. उद्या ज्याला शंभर जवानांचा हिशेब ठेवायचा आहे, त्याला स्वतःच्या दहा कागदांचा हिशेब ठेवता आला पाहिजे.

आंदोलनातील गुन्ह्याची नोंद

आता एक नाजूक विषय. आपल्यापैकी अनेक घरांतील तरुण सामाजिक कार्यात असतात. मोर्चा, निदर्शने, घोषणा यांतून कधी एखादी फिर्याद दाखल होते. पुढे प्रकरण मिटते आणि सारे विसरतात. परंतु चारित्र्य पडताळणीच्या अर्जात यासंबंधीचा प्रश्न असतो, आणि तेथे ‘नाही’ असे लिहिण्याचा मोह होतो. तो मोह टाळा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात या विषयाची तत्त्वे मांडली. दिलेली माहिती खरी असली पाहिजे, हे त्यातले पहिले सूत्र. लहान वयात घोषणा देण्यासारख्या किरकोळ गोष्टीकडे नियोक्ता स्वविवेकाने दुर्लक्ष करू शकतो, असेही न्यायालयाने म्हटले आहे. म्हणजे घोषणा कदाचित क्षम्य ठरेल, पण ती दडवली म्हणून अडचण उभी राहू शकेल. अशी नोंद असेल तर जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा, कागद मिळवावेत आणि जे घडले ते लिहावे.

शरीराची आगाऊ पाहणी

निवड मंडळाने शिफारस केल्यावर सैनिकी रुग्णालयात वैद्यकीय तपासणी होते. ती काही दिवस चालते. डोळे, कान, नाक, घसा, दात, सांधे, रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी असे सारे पाहिले जाते. आयोगाचे निवेदन उमेदवाराला आधीच सांगते की, घरच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि किरकोळ दोष दुरुस्त करून या. कानातील मळ, नाकाचा वाकडा पडदा, अंडवृद्धी, वृषणाच्या फुगलेल्या शिरा, मूळव्याध, सुजलेले टॉन्सिल्स, कमी-जास्त वजन अशी यादीच तेथे दिलेली आहे. मळाने पडदा झाकला असेल तर डॉक्टरांना कान तपासताच येत नाही. दहा मिनिटांच्या कामासाठी अपात्रतेचा शेरा का घ्यावा?

दोष आढळल्यास फेरतपासणीसाठी अपील करता येते. त्यासाठी साधारण ४२ दिवसांचा अवधी असतो. वजन थोडे जास्त असेल तर तेवढ्यात उतरवता येईल. परंतु शस्त्रक्रिया करावी लागणार असेल तर ४२ दिवस अपुरे पडण्याची शक्यता मोठी. काही शस्त्रक्रियांनंतर जखम पूर्ण भरून अनेक महिने उलटलेले असावे लागतात. म्हणून ही पाहणी अकरावीच्या आरंभीच झाली पाहिजे. चष्म्याचा क्रमांक वर्षातून दोनदा तपासावा. रंगांची ओळख तपासून घ्यावी. तो दोष जन्मजात असेल तर उपचाराने जात नाही, आणि तो लवकर कळला तर मुलाला दुसरी दिशा वेळेत धरता येते. चष्मा घालवण्यासाठी लेसरची शस्त्रक्रिया घाईने करू नये. प्रबोधिनीचे त्याविषयीचे नियम कडक आहेत, ते आधी वाचावेत. दातांना गुण असतात आणि किमान १४ गुणांचे दात असावे लागतात. तेव्हा किडलेला दात उपटण्याआधी वाचवता येईल का हे पाहावे. आणि गुटख्याला मुलाने स्पर्शही करू नये, हे वेगळे सांगायला नको.

अलीकडे तरुण मुले दंडावर वा छातीवर महाराजांची राजमुद्रा गोंदवून घेतात. भावना निर्मळ आहे, शंका नाही. परंतु नियमाप्रमाणे कायमचे गोंदण केवळ कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतील बाजूस आणि हाताच्या तळव्याच्या मागील बाजूस चालते. आदिवासी समाजाच्या रूढीतील गोंदणाचा तेवढा वेगळा विचार होतो. महाराजांची मुद्रा आचरणात असावी, दंडावर नसली तरी चालेल.

मुलींच्या पालकांना स्वतंत्र विनंती. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर २०२२ मध्ये प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुली तेथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. आपल्या घरांत मुलींच्या रक्तातील हिमोग्लोबिन कमी असणे ही सामान्य गोष्ट समजली जाते. ती सामान्य समजू नका. वेळीच तपासा, आहार सुधारा, उपचार करा.

झाकलेला आजार

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. आपल्या समाजात आजार झाकण्याची सवय जुनी आहे. लग्न जमण्यात अडचण नको म्हणून फिट येत असल्याचे सांगत नाहीत, दमा ‘ॲलर्जी’ म्हणून खपवतात, हाडात बसवलेली पट्टी शर्टाच्या बाहीखाली दडवतात. वैद्यकीय तपासणीपूर्वी उमेदवाराला पूर्वीच्या आजारांविषयी स्वतःचे निवेदन लिहून सही करावी लागते. त्या क्षणी आईने कानात सांगितलेले ‘ते काही लिहू नकोस’ हे वाक्य मुलाच्या हातून खोटे लिहवून घेते. हे प्रेम आहे, मान्य. पण त्याचे मोल कोण चुकवतो?

प्रबोधिनीतील तीन वर्षांचे शिक्षण कष्टाचे आहे. पाठीवर ओझे घेऊन धावणे, पोहणे, मुष्टियुद्ध, घोडेस्वारी, रात्रीची पदयात्रा. दडवलेला आजार तेथे उघडा पडतो, आणि तो एखाद्या टेकडीवर, पाण्यात किंवा बरोबरच्या छात्राच्या जिवावर बेतेल अशा वेळी पडू शकतो. प्रवेशापूर्वी पालकांकडून एक प्रमाणपत्र घेतले जाते : प्रशिक्षणात इजा झाली, अथवा त्यातून अपंगत्व वा मृत्यू ओढवला, तरी शासनाकडे भरपाईचा हक्क सांगणार नाही. त्याबरोबर एक बंधपत्रही असते. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यामुळे किंवा महत्त्वाची माहिती दडवल्यामुळे मुलाला काढून टाकले, तर प्रशिक्षणाचा खर्च भरून द्यावा लागतो. या कागदांवर वडील बहुधा न वाचता सही करतात. कृपा करून वाचून सही करा.

प्रशिक्षणार्थी छात्र हा अद्याप अधिकारी नसतो. त्यामुळे इजा होऊन बाहेर पडलेल्या छात्रांना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही, आणि अशा मुलांची परवड अनेक वर्षे दुर्लक्षित राहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली आणि त्याच महिन्यात संरक्षण मंत्रालयाने त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा लाभ खुला केला. पाऊल स्वागतार्ह आहे. पण निरोगी मुलालाही जेथे एवढी जोखीम आहे, तेथे दुखणे झाकून त्याला पाठवणे हे वात्सल्य नव्हे.

नाशिकला १९३७ मध्ये भोसला सैनिकी विद्यालय उभे करणारे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे हे व्यवसायाने डोळ्यांचे डॉक्टर होते. बोअर युद्धात वैद्यकीय पथकातून दक्षिण आफ्रिकेस जाऊन आले होते. हिंदू तरुणांना सैनिकी शिक्षण मिळावे हा ध्यास घेणारा मनुष्य वैद्य असावा, हे मला अर्थपूर्ण वाटते. समाजाचे सामर्थ्य घोषणेत नसते. दृष्टी, दात, फुप्फुसे, पाय आणि खरे बोलणारी जीभ यांत ते असते.

आणि एवढे सारे करूनही अपात्रतेचा शेरा आलाच, तर? दोष बरा होणारा असेल तर उपचार करावा, अपील करावे, वय असेल तर पुन्हा बसावे. दोष कायमचा असेल तर तो स्वीकारावा. डेहराडूनच्या वायुदल निवड मंडळापुढे गेलेल्या एका तरुणाचा क्रमांक नववा लागला आणि जागा आठ होत्या. तो तरुण पुढे क्षेपणास्त्रांचा शिल्पकार आणि राष्ट्रपती झाला, डॉ. अब्दुल कलाम वायुदलात अधिकारी झाले नाहीत, पण त्यांनी केलेली राष्ट्रसेवा कोणत्या सैनिकापेक्षा उणी होती? एक दार बंद झाले म्हणून मुलाने खोट्या कागदाने दुसरे दार उघडायला शिकू नये, एवढे पाहणे आपल्या हातात आहे.

‘सेवा परमो धर्मः’ हे प्रबोधिनीचे ब्रीद आहे. त्या सेवेचा आरंभ आपल्या घरातील कपाटापासून आणि जवळच्या दवाखान्यापासून करू या. येत्या रविवारी मुलाला समोर बसवा, सारे कागद काढा, जुन्या आजारपणाच्या चिठ्ठ्याही काढा, आणि त्याला सांगा : यात जे आहे ते सारे तुझे आहे, यातले काहीही लपवायचे नाही. ज्या मुलाने हे वाक्य आईवडिलांच्या तोंडून ऐकले, तो निवड मंडळापुढे ताठ मानेने उभा राहील.

 भारतमाता की जय!