पावसाळ्याआधी गोठ्याची राखण



मृगाच्या तोंडावर आपण बी-बियाण्याच्या धावपळीत असतो. नेमक्या त्याच दिवसांत गोठ्यात घटसर्प किंवा फऱ्या शिरतो आणि ‘पावसानं रोग आणला’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पाऊस नुसतं निमित्त. या रोगांचे जंतू वर्षभर आपल्याच आसपास मुक्कामाला असतात. कुठे, ते ठाऊक असलं की बंदोबस्त करता येतो.

घटसर्पाचा जंतू काही धडधाकट जनावरांच्या घशातच असतो. भिजणं, उपासमार, जास्तीचं ओढकाम, लांबचा प्रवास यांनी जनावर खचलं की तो उचल खातो. कडक ताप, गळ्याखाली सूज, घुरघुरणारा श्वास. म्हैस तर दिवसाभरातही दगावते. लाळ आणि शेंबूड हौदात, गव्हाणीत पडतो आणि बाकीची जनावरं तिथेच तोंड घालतात. म्हणून आजारी जनावर आधी वेगळं बांधा. त्याचं वैरण-पाणीही वेगळं.

फऱ्याचा जंतू मातीत वर्षानुवर्षं तग धरतो आणि चरताना पोटात जातो. सहा महिने ते दोन वर्षांची, अंगानं भरलेली जनावरं जास्त बळी पडतात. जनावर लंगडतं, पुठ्ठ्यावर किंवा खांद्यावर सूज येते, ती दाबली की चरचरते. हा रोग एकाचा दुसऱ्याला थेट लागत नाही. पण मेलेलं जनावर उघड्यावर टाकलं किंवा सोललं, तर जंतू पुन्हा त्याच कुरणात पेरले जातात. मेलेलं जनावर खोल खड्ड्यात, चुना टाकून पुरा.

तिसरा रोग सांसर्गिक गर्भपात. गाय शेवटच्या महिन्यांत गाभडते. पडलेला गर्भ, वार, स्राव सारं जंतूंनी भरलेलं असतं. उघड्या हातानं वार काढणाऱ्याला, कच्चं दूध पिणाऱ्या माणसालाही तो लागतो. ताप फिरून फिरून येतो, सांधे धरतात. हातमोजे घाला, वार पुरून टाका, दूध उकळूनच प्या. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना याची लस पशुवैद्यकाकडून टोचून घ्या. ती आयुष्यात एकदाच लागते.

घटसर्प आणि फऱ्याची लस मात्र दरवर्षी हवी. टोचल्यावर तिचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात. तेव्हा गावात पहिलं जनावर पडायची वाट पाहू नका. मे महिन्यातच पशुवैद्यकीय दवाखान्यात नाव नोंदवा.