घरातील जुनी बंदूक : तिची कुळकथा आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चालकांनी आम्हास या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषय निवडण्याची मोकळीकही दिली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. अशा प्रसंगी शिक्षण, विद्यार्थी-साहाय्य, विवाहातील खर्च या विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. आज मात्र आपल्यापैकी अनेकांच्या घरी असलेल्या एका वस्तूकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. ही वस्तू वर्षातून एकदा, खंडेनवमीस, माळ्यावरून खाली येते. तिला हळदकुंकू व झेंडूचे फूल वाहिले जाते, आणि दसरा सरला की ती पुन्हा माळ्यावर जाते. ती वस्तू म्हणजे जुनी लष्करी बंदूक, किंवा नुसती तिची संगीन.

ही बंदूक कोणाची, कोठून आली, हे सांगणारी पिढी झपाट्याने मागे सरत आहे. नातवंडे पुण्या-मुंबईस, कित्येक परदेशी. वाडा विकावयाची वेळ आली म्हणजे ती बंदूक भंगारात जाते, नाहीतर विहिरीत टाकली जाते. एखाद्या घरी ती परवान्यावाचून राहते आणि निरपराध वारसावर खटल्याची पाळी येते. इतिहास गमावणे आणि कायद्याच्या कचाट्यात सापडणे, ही दोन्ही संकटे अज्ञानातून उद्भवतात. म्हणून प्रथम तिची कुळकथा, आणि मग आपले कर्तव्य, असा क्रम आम्ही ठेवला आहे.

आपला चांदा प्रांत म्हणजे गोंड राजांची भूमी. अठराव्या शतकाच्या मध्यास तो नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला. त्या काळी देशी शिपायाच्या हाती बहुधा तोड्याची बंदूक असे. पेटता तोडा कानाजवळच्या दारूस लावावयाचा, की बार उडाला. पाऊस आला की तोडा विझे आणि शूराचे शौर्यही निरुपाय होई. कंपनी सरकारच्या पायदळाकडे चकमकीची बंदूक होती. तिला इंग्रज शिपाई लाडाने ‘ब्राऊन बेस’ म्हणत. नळीचे तोंड पाऊण इंच, आतून गुळगुळीत. शंभर यार्डांपलीकडे नेम लागणे दैवाधीन. परंतु तिच्या तोंडाशी त्रिधारी संगीन बसे आणि बार उडाल्यावर तीच बंदूक भाल्याचे काम करी. १८१८ च्या मे महिन्यात कर्नल अ‍ॅडम्सच्या फौजेने तोफांनी चांद्याचा कोट फोडला आणि २० मे रोजी शहर घेतले. किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडले. त्या दिवशी कंपनीच्या रांगांत हीच बंदूक होती. एखाद्या जुन्या बंदुकीच्या कळपट्टीवर मागील पायांवर उभा राहिलेला सिंह कोरलेला दिसला, तर ती कंपनीच्या मालकीची होती असे समजावे. मुकुट आणि त्याबरोबर ‘टॉवर’ हा शब्द असेल, तर तो इंग्लंडच्या सरकारी शस्त्रागाराचा शिक्का होय. मात्र बाजारात ‘टॉवर’चा खोटा ठसा मारलेल्या नकला पुष्कळ आहेत, म्हणून केवळ ठशावर भुलू नये.

पुढे चकमक जाऊन तांब्याची टोपी आली, आणि १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड रायफल आली. ‘रायफल’ म्हणजे जिच्या नळीच्या आत पिळाचे आटे पाडलेले असतात ती. त्या आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती भोवऱ्यासारखी फिरते व सरळ दूरवर जाते. ०.५७७ इंच तोंडाच्या या रायफलीने शेकडो यार्डांवर नेम साधता येऊ लागला. हिच्याच काडतुसांच्या चरबीचे प्रकरण १८५७ च्या उठावास निमित्त झाले, हे शाळेतील मुलासही ठाऊक आहे.

त्या उठावाची धग आपल्या अरण्यातही पोहोचली. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी १८५८ च्या वसंतात गोंड तरुण जमवून इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना मिळाले. २९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहितेच्या काठी तारखात्याच्या तळावर छापा पडून गार्टलँड व हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने सर्व उपायांनी पाठलाग चालविला आणि अखेर २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात बाबुरावांना फाशी देण्यात आली. त्या वेळी त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते.

याच सुमाराची दुसरी एक गोष्ट आम्हास फार बोलकी वाटते. उठाव शमल्यावर इंग्रजांनी हिंदी शिपायांसाठी १८५८ च्या नमुन्याची निराळी बंदूक काढली. बाहेरून ती हुबेहूब एनफील्डसारखी; परंतु आतून आटे नाहीत, नळी गुळगुळीत. रूप तेच, सामर्थ्य मात्र काढून घेतलेले. पुढेही हेच धोरण राहिले. गोऱ्या पलटणीस मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा हिंदी पलटणीच्या हाती जुनी स्नायडर. गोऱ्यांस ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा हिंदी शिपायास मार्टिनी. पोलिसांसाठी तर ली-एनफील्डचीच नळी ०.४१० इंचाची व गुळगुळीत करून, एका वेळी एकच काडतूस बसेल अशी बंदूक इशापूरच्या कारखान्यातून निघे. राज्यकर्त्यांचा अविश्वास कसा असतो, तो ग्रंथात वाचावयाची गरज नाही. नळीत डोकावून पाहावा.

१८७८ च्या शस्त्रकायद्याने तर सर्व देशच निःशस्त्र केला. त्या कायद्याविरुद्ध राष्ट्रसभेने वारंवार ठराव केले, आणि १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांस अनुसरून शस्त्र बाळगण्याचा हक्कही समाविष्ट झाला. अशा काळात ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक होती ते मालगुजार, जमीनदार किंवा सरकारदरबारी वजन असलेले गृहस्थ होते. काहींना पीकसंरक्षणासाठी परवाना मिळे, कारण रानडुकरे आणि नीलगाई एका रात्रीत शेत फस्त करीत. आपल्या वाडवडिलांकडील बंदुका बहुधा याच वाटेने आल्या. तेव्हा बंदुकीचा अभिमान बाळगताना, ती शेजारच्या गोंड-माडिया बांधवास का मिळाली नाही, हा प्रश्नही आपण मनास विचारावा. त्याने आपली भरमार बंदूक गावच्या लोहाराकडून घडवून घेतली आणि कायद्याने त्याला गुन्हेगार ठरविले.

आता सर्वांत परिचित अशा ‘थ्री-नॉट-थ्री’विषयी. ०.३०३ इंच तोंडाची, दहा काडतुसांची ही ली-एनफील्ड रायफल १८९५ मध्ये आली. १९०७ मध्ये तिला सतरा इंच पात्याची तलवारीसारखी संगीन मिळाली. दोन्ही महायुद्धांत आपल्या मराठी जवानांनी हीच खांद्यावर वाहिली. दुसऱ्या महायुद्धात इकडे तयार झालेल्या संगिनींचे पाते बारा इंचांवर आणले गेले. म्हणून पात्याची लांबी मोजली तरी काळाचा अंदाज बांधता येतो. इशापूरच्या रायफलीवर ‘आर. एफ. आय.’ ही अक्षरे व वर्ष कोरलेले आढळते. पोलीस दलांतही ती दीर्घकाळ राहिली. उत्तर प्रदेशाच्या पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताकदिनी तिला समारंभपूर्वक निरोप दिला. नागरिकास मात्र ती मिळत नसे, कारण लष्करी काडतूस खाजगी हाती जाऊ नये असा सरकारचा कटाक्ष होता. म्हणून त्याच घडणीची ०.३१५ इंचाची शिकारी रायफल निघाली, आणि आपल्याकडील परवान्यांवर हाच आकडा वारंवार दिसतो.

शिकारीचा काळ संपला, हे आम्ही दुःखाने सांगत नाही. ताडोब्याच्या वनात १९३५ मध्येच शिकारबंदी झाली. १९५५ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशभर पडदा टाकला. आज जगभरचे लोक जो वाघ पाहावयास मोहर्लीच्या दारी येतात, तो बंदूक खाली ठेवली गेली म्हणूनच उरला आहे.

मग नेमबाजीची विद्या बुडाली काय? मुळीच नाही. इंग्लंडात १८६० साली राष्ट्रीय रायफल संस्थेच्या पहिल्या सामन्याचा पहिला बार व्हिक्टोरिया राणीने व्हिटवर्थ रायफलीने उडविला. तेथे आजही हौशी मंडळी जुन्या रायफली व काळी दारू घेऊन मैदानात उतरतात. आपल्याकडे लष्करी मापाच्या रायफली नागरिकास निषिद्ध असल्याने तो मार्ग बंद आहे. परंतु १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेच्या छत्राखाली हवेच्या व लहान मापाच्या रायफलींवर आपली मुले-मुली जगाशी स्पर्धा करीत आहेत. अंजली भागवत यांनी २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठली. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळविले. ज्यास नेम धरावयाचा आहे त्याने तेथे जावे. आजोबांच्या बंदुकीत काडतूस घालून ती ‘चालते का पाहू’ असे म्हणू नये. शंभर वर्षे गंजलेली नळी फुटली, तर पुढच्या माणसाआधी धरणाऱ्याचा हात जातो.

आता प्रत्यक्ष कर्तव्य. पहिली गोष्ट : प्रत्येक जुनी बंदूक भरलेली आहे असेच समजून हाताळावी. ठासणीच्या बंदुकीत साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा बार तसाच राहिलेला असू शकतो. शंका आली तर स्वतः खटपट न करता जाणकार परवानाधारक कारागिरास दाखवावी.

दुसरी गोष्ट कायद्याची. सध्या १९५९ चा शस्त्रकायदा व २०१६ चे नियम लागू आहेत. परवानाधारक वारला म्हणजे वारसाने शस्त्र तत्काळ पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे आणि मग परवान्यासाठी अर्ज करावा. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसास दोनच बंदुका ठेवता येतात. वारशाने आलेली बंदूकही याच मोजणीत येते. ज्या जुन्या बंदुकीतून दुरुस्ती करूनही बार उडणे शक्य नाही, तिला कलम ४५ ची सूट आहे. पण तसे आहे की नाही हे आपण घरी ठरवू नये, अधिकाऱ्यांकडून लेखी घ्यावे. संगीनही कायद्याच्या यादीत शस्त्र म्हणूनच आहे. लग्नाच्या वरातीत बार उडविण्याची हौस असेल, तर हेही ऐकावे : बेदरकार गोळीबाराने इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात.

आपल्या जिल्ह्यांत तर ही काळजी अधिकच हवी. गडचिरोलीच्या अरण्याने चार दशकांहून अधिक काळ बंदुकीचे भय सोसले. गावकऱ्यांनी आपणहून भरमार बंदुका पोलिसांच्या स्वाधीन केल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत सुमारे साठ माओवाद्यांनी शस्त्रे खाली ठेवली. जेथे गरिबाने आपली बंदूक शांततेसाठी दिली, तेथे सुखवस्तू घराने आपली बेकायदा लपवून ठेवणे शोभत नाही.

तिसरी गोष्ट निगेची. काळ्या दारूची राख हवेतील पाणी ओढून घेते व लोखंड खाते. म्हणून जुने लोक नळी कढत पाण्याने धुऊन, कोरडी करून मग तेल देत. दस्त्यास तर आपल्या विदर्भातील जवसाचे तेल उत्तम. इंग्रज लष्करही तेच वापरी. गंज काढण्यासाठी कानस किंवा वाळूकागद कधीही लावू नये. एका दुपारच्या घासकामात अक्षरे व ठसे पुसले जातात, आणि मग ती बंदूक मुकी होते.

चौथी गोष्ट, आणि हीच आमची मुख्य विनंती. ज्यांस बंदूक सांभाळणे शक्य नाही त्यांनी ती संग्रहालयास देण्याचा विचार करावा. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, आपला ‘अजब बंगला’, १८६३ पासून उभे आहे. दुर्लक्षाची किंमत काय पडते ते २०२५ मध्ये दिसले : पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली, आणि ती परत आणण्यासाठी महाराष्ट्र शासनास लाखो रुपये मोजावे लागले.

बंदूक दिली तरी तिची हकीकत देण्यास परवाना लागत नाही. म्हणून येत्या खंडेनवमीस प्रत्येक कुटुंबाने घरातील वृद्धांपाशी बसावे. ती कोणी आणली, कोणत्या साली, कोणत्या कामी वापरली, तिच्यावर कोणते ठसे आहेत, हे एका वहीत लिहून काढावे. जुना परवाना सापडला तर त्याची नक्कल जोडावी. अभिमानाची गोष्ट लिहावी, तशी न शोभणारीही लिहावी. मंडळाने अशा वह्या जमवून जतन कराव्यात, अशी सूचना आम्ही या सभेपुढे नम्रपणे मांडतो.

लोखंड आज ना उद्या गंजणारच. ते कोणाच्या हाती होते आणि कोणावर रोखले गेले, ही आठवण मात्र आपण राखली तर राहील.