निवडणुकीचाही वाफसा असतो
(जिल्हा बैठकीतील भाषण)



पाऊस झाला, वाफसा आला आणि कुणी म्हणाले, 'सातबाऱ्याची दुरुस्ती व्हायची आहे, तोवर पेरू नका,' तर आपण थांबू काय? वाफसा कुणासाठी थांबत नाही. निवडणुकीचाही वाफसा असतो. तो राज्यघटनेने ठरवून दिला आहे.

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी लागू झाली. तिच्यातले कलम २४३-ई सांगते : पंचायतीची मुदत पहिल्या बैठकीपासून पाच वर्षे, त्यापुढे नाही. नवी निवडणूक ही मुदत संपण्याआधी पुरी झाली पाहिजे. पंचायत म्हणजे नुसती ग्रामपंचायत नव्हे. पंचायत समिती आणि जिल्हा परिषदही त्यात आली.

निवडणूक निर्भय आणि निष्पक्ष व्हावी, असे सगळेच म्हणतात. पैसा वाटला का, दमदाटी झाली का, हे आपण विचारतो. विचारलेच पाहिजे. पण जी निवडणूक होतच नाही, ती निष्पक्ष कुठून होणार?

महाराष्ट्रात हेच घडले. मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. ओबीसी आरक्षणाचा आणि गटरचनेचा वाद कोर्टात होता. प्रशासक बसले. ६ मे २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितले, चार आठवड्यांत निवडणुका जाहीर करा, चार महिन्यांत पुऱ्या करा. तेही झाले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये कोर्टाला ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मुदत वाढवावी लागली.

आमचे आरक्षणाशी भांडण नाही. आरक्षण हवेच. पण त्याची तयारी मुदत संपण्याआधी का होत नाही? प्रशासक माणूस म्हणून वाईट असतो, असे आम्ही म्हणत नाही. पण त्याला आपल्या दारात मत मागायला यायचे नसते. पांदण रस्ता, शाळेचे गळके छप्पर, गुरांचा दवाखाना यांचा जाब मग कुणाला विचारायचा?

सुप्रीम कोर्टाने २००६ साली किशनसिंग तोमर खटल्यात हे स्पष्ट केले आहे. तो खटला अहमदाबाद महापालिकेचा. पण तत्त्व पंचायतींनाही लागू आहे. प्रभागरचना बाकी आहे, याद्या व्हायच्या आहेत, ही सबब चालत नाही. सरकार साथ देत नसेल तर राज्य निवडणूक आयोगाने हायकोर्टात जावे, असेही कोर्टाने सांगितले. कलम २४३-के प्रमाणे निवडणूक घेण्याचा अधिकार या आयोगाचा आहे, मंत्र्याचा नाही.

म्हणून प्रत्येक गावाने तीन कामे करावीत. आपली ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांची मुदत कोणत्या तारखेला संपते, ते चावडीच्या फळ्यावर लिहावे. त्या तारखेआधी सहा महिने आयोगाला आणि कलेक्टरला अर्ज देऊन कार्यक्रम विचारावा, आणि पोच घ्यावी. प्रारूप मतदारयादी लागली की नावे तपासून मुदतीत हरकत नोंदवावी.

तण वेळेत काढले तर खुरप्याने निघते. उशीर झाला की पीकच जाते.