नाटक गांवोगांवीं कोणीं न्यावें?

१८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं सांगलीस 'सीतास्वयंवर' नाटक केलें, तें तेथील संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें. १८५१ सालीं आप्पासाहेब निवर्तले, आश्रय सुटला, आणि भाव्यांची मंडळी पोटासाठीं हिंडूं लागली. १८५३ सालीं ती मुंबईस खेळ करीत होती. पुढें नाटकमंडळ्यांचा रिवाजच पडला : तिकिटें खपतील तेथें मुक्काम.

जर्मनींत प्रांतिक सरकारें 'लांडेसब्यूने' नांवाच्या मंडळ्यांस अनुदान देतात. तिकीट तेथेंहि असतेंच. पण ज्या गांवाला स्वतःची नाटकमंडळी नाहीं, तेथें खेळ नेणें हें त्यांचें नेमून दिलेलें काम.

आमच्या डहाणूस निदान रेल्वे आहे. तलासरीवरून मुंबई-अहमदाबाद हमरस्ता जातो, पण केवळ गल्ल्याकडे पाहणारी मंडळी तेथें कां उतरावी? तारपा ऐकत वाढलेल्या पाड्यांवरील मुलांस तालाची ओळख असते. अनुदान घेणाऱ्या मंडळीनें वर्षाकांठीं दोन खेळ अशा ठिकाणीं करावे, एवढी अट घालण्यास कोणती हरकत आहे?