घसरगुंडी उभारण्यापूर्वी

१९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत उद्याने व क्रीडांगणे यांचा समावेश केला. मंगरूळपीरसारख्या गावात या नोंदीचे मोल मोठे आहे. ज्या मजुराच्या घराला अंगण नाही, त्याच्या मुलाला सार्वजनिक मैदानावाचून खेळण्यास जागा नाही. आणि तेथे त्या मुलाचा हात मोडला, तर बापाची रोजीही बुडते. हा खर्च कोणत्याही नगरपालिकेच्या ताळेबंदात दिसत नाही. फार सोयीचे आहे ते!

सुरक्षितता ही उद्घाटनानंतर डागडुजी म्हणून आणता येत नाही. वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरवर रोवलेले झोक्याचे खांब तिच्यात डळमळू लागतात. पाया किती खोल घ्यायचा, हे म्हणून निविदेपूर्वीच ठरावे लागते. मे महिन्यात पत्र्याची घसरगुंडी कातडी पोळते. तेव्हा घसरगुंडीच्या कितीतरी आधी कडुनिंब लावला पाहिजे. सावली काही निविदेने मिळत नाही. झोक्याखाली फरशी नको, वाळू हवी. युरोपीय मानकात तीन मीटर उंचीवरून पडणाऱ्या मुलासाठी ठराविक दाण्याच्या वाळूचा ३० सेंटिमीटर थर सांगितला आहे. पायांनी ती विखुरते म्हणून आणखी १० सेंटिमीटर धरतात. म्हणजे खोदकाम आले, पाण्याच्या निचऱ्याचा चर आला, दरवर्षीची भर आली. यांतील एकही बाब अंदाजपत्रकात नसताना सर्वांत कमी दराची निविदा मंजूर करायची, आणि अपघातानंतर बोट मात्र ठेकेदाराकडे दाखवायचे, हा कोणता न्याय?