फॉन्ट विकत घेतला, पण मालक कोण?

आज माझीच एक चूक सांगतो.

पहिल्या नोकरीत क्लायंटने विकत घेतलेला देवनागरी फॉन्ट मी कोडसोबत गिटहबवर टाकला. रिपॉझिटरी पब्लिक होती. म्हणजे त्याने पैसे मोजले आणि मी ती फाईल जगाला फुकट वाटली! लक्षात आल्यावर घाईघाईने डिलीट केली. सिनियर म्हणाले, "अरे, हिस्टरीत आहे ना अजून!" खरंच होती. गिट जुनं विसरत नाही. मग रिपॉझिटरी प्रायव्हेट केली, हिस्टरीतूनही फाईल काढली आणि क्लायंटला स्वतः फोन केला. तो फोन सगळ्यात जड गेला.

तेव्हा कळलं, आपण फॉन्ट नाही, वापरायचा परवाना घेतो. डेस्कटॉप, वेब, ॲप यांचे परवाने बहुतेक वेळा वेगवेगळे असतात. आता मी फाईल प्रायव्हेट स्टोरेजमध्ये ठेवतो, बिल आणि लायसन्स तिच्या शेजारीच. "जरा व्हॉट्सॲपवर टाक ना" म्हणणाऱ्या मित्रालाही नाही म्हणतो.

देवनागरीत जोडाक्षरं धरून शेकडो आकार काढावे लागतात. ती कुणाची तरी कित्येक महिन्यांची मेहनत असते. बजेट नसेल तर मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' वापरा. तो ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे, व्यावसायिक कामालाही चालतो. फक्त नुसता फॉन्ट विकायचा नाही.

आज एवढंच करा: तुमच्या प्रोजेक्टचं फॉन्ट फोल्डर उघडा आणि प्रत्येक फाईलचा परवाना शोधा. सापडला नाही, तर कामाला लागा. भेटू पुढच्या भागात!