मेंदूच्या चित्रातला पांडा

एमआरआयचा रिपोर्ट हातात पडला, की घरातले कुणीतरी तो वाचायचा प्रयत्न करतेच. अनोळखी वैद्यकीय शब्दांच्या गर्दीत मध्येच ‘हमिंगबर्ड साइन’ किंवा ‘जायंट पांडा’ असे काही दिसले, की गोंधळ उडतो. पण हे शब्द तिथे गमतीने आलेले नसतात. मेंदूचा कोणता भाग झिजला आणि कोणता शाबूत राहिला, हे डॉक्टर त्यातून एकमेकांना सांगत असतात.

हमिंगबर्डचेच पाहा. डोक्याचा बरोबर मधोमध उभा छेद पाहिला, की वर मध्यमेंदू आणि त्याखाली पॉन्स नावाचा फुगीर भाग दिसतो. पीएसपी, म्हणजे प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी, या आजारात मध्यमेंदू आक्रसतो. पॉन्स त्या मानाने टिकून राहतो. मग खाली गुबगुबीत अंग, वर चिमुकले डोके आणि पुढे लांब चोच अशी पक्ष्याची आकृती उमटते. स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की या डॉक्टरांनी १९६४ मध्ये टोरंटोच्या रुग्णांवरून या आजाराचे सविस्तर वर्णन केले, तेव्हा एमआरआय नव्हता. त्यांची भिस्त लक्षणांवर होती : मान ताठरते, तोल मागच्या बाजूला जाऊन माणूस पडतो, नजर खाली वळत नाही म्हणून जिना उतरणे अवघड होते.

सुरुवातीला हा आजार कंपवातासारखा वाटतो, पण कंपवाताच्या औषधांचा त्यात फारसा किंवा फार काळ उपयोग होत नाही. म्हणून हा फरक ओळखणे मोलाचे. जपानी संशोधकांनी २००५ मध्ये याच छेदात मध्यमेंदूचे क्षेत्रफळ मोजले. निरोगी लोकांत ते सरासरी ११८ चौरस मिलिमीटरच्या आसपास भरले, कंपवाताच्या रुग्णांत १०३ आणि पीएसपीच्या रुग्णांत अवघे ५६. पक्ष्याचा भास नुसता भास नव्हता, हे या मापांनी दाखवले.

तरीही आकृतीवर डोळे मिटून विसंबता येत नाही. पॉन्सच्या आडव्या छेदात कधी पांढरी फुली दिसते. तिला ‘हॉट क्रॉस बन’ म्हणतात. मल्टिपल सिस्टिम ॲट्रोफी या आजाराची ती ओळखीची खूण. पण अटॅक्सिया, म्हणजे हालचालींचा ताळमेळ बिघडवणारा आजार, याच्या काही आनुवंशिक प्रकारांतही हुबेहूब तशीच फुली उमटते. कारण साधे आहे. पॉन्समधून छोट्या मेंदूकडे जाणारे आडवे तंतू झिजले, की फुली दिसणार; ते कोणत्या आजाराने झिजले, हे फुली सांगत नाही. ते रुग्णाची चाल, त्याचा रक्तदाब आणि घराण्याचा इतिहास पाहूनच ठरवावे लागते.

या साऱ्या खुणांमध्ये सर्वांत जास्त लक्ष द्यावे, ते पांडाकडे. विल्सन्स डिसीजमध्ये यकृताला जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकता येत नाही. ते यकृतात, मग मेंदूत आणि डोळ्यांत साचते. मध्यमेंदूच्या आडव्या छेदात काही भाग पांढरा होतो, त्यात काळे डोळे आणि काळे कान उठून दिसतात. जपानमधल्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये या चेहऱ्याची नोंद केली. मात्र बंगळुरूच्या निम्हान्समध्ये झालेल्या एका अभ्यासात तो सुमारे १४ टक्के रुग्णांतच आढळला. म्हणजे पांडा नाही म्हणून विल्सन्स नाही, असे समजणे धोक्याचे आहे.

धोका यासाठी, की हा आजार औषधाने आटोक्यात येतो. जॉन वॉल्श यांनी १९५६ मध्ये पेनिसिलामाइनचा उपचार मांडला. पुढे झिंकही वापरात आले. औषध आयुष्यभर घ्यावे लागते, पण वेळेवर सुरू झाले तर पुष्कळ मुले शाळा-कॉलेजात परततात. त्याआधी काय होते? मुलाचे अक्षर बिघडते, बोलणे जड होते, लाळ गळते, स्वभाव बदलतो. घरचे त्याला आळशी ठरवतात, बाहेरची बाधा शोधतात, आणि दरम्यान महिने जातात. अशा मुलाच्या रक्तातले सेरुलोप्लाझ्मिन हे प्रथिन, चोवीस तासांच्या लघवीतले तांबे आणि बुबुळाच्या कडेचे तपकिरी कडे, एवढे तरी तपासून घ्यायलाच हवे.

आजार निश्चित झाला, की तांब्याच्या भांड्यातले पाणी बंद करायला सांगतात. आणि हा दोष आई-वडील दोघांकडून येत असल्याने प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक असते. आते-मामे भावंडांतल्या लग्नांत दोघांकडेही तोच दोष असण्याचा संभव वाढतो. म्हणून घरातल्या धडधाकट दिसणाऱ्या भावंडांचीही तपासणी करतात. त्यांच्यात आजार सापडला, तर हात थरथरू लागण्याआधीच औषध सुरू करता येते.